शनवार तेली, शुक्रवारची पाळी

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर, रात्री सव्वादहाला
अमेरिकेतल्या एका परगण्याची दुपार सुरू होते
माझ्या डाव्या कानात.
परगण्याचं नाव सांगता येत नाही, करारात तसं आहे.
भांडण सांगते :
कचेरीच्या भिंतीवर दहा आज्ञांची दगडी पाटी
लावावी की लावू नये.

उजवा पाय पेडलवर.
टाच दाबली की आवाज मागे, चवडा दाबला की पुढे.
एक बाई म्हणते, देश ज्यांनी उभारला त्यांना हेच हवं होतं.
वकील म्हणतो, ज्यांनी उभारला
त्यांना नेमकं हेच नको होतं.
टाळ्या. हातोडा. पुन्हा टाळ्या.
ज्यांना मरून दोनशे वर्षं झाली
त्यांना दोन्हीकडून साक्षीला बोलावतात.
कुणाचं बोलणं पकडता आलं नाही
तर आम्ही चौकटी कंसात लिहितो : अस्पष्ट.
संस्थापकांपुढे मी अजून काही लिहिलेलं नाही.

विसाव्याची आज्ञा चौथी, असं ठरतं.
मागून कुणीतरी ओरडतं, आमच्या चर्चमध्ये ती तिसरी आहे!
यात अकरा मिनिटं जातात.
मला ती पाठ आहे, हिब्रूत.
मला कुणी विचारत नाही. मी टंकते.

टेंभी नाक्याजवळ आईने सूर्य बुडायच्या आत दिवा लावला
तेव्हा मी कंपनीच्या गाडीत, कळव्याच्या पुलावर.
खाडीत उजेड होता थोडा. गाडी थांबली नाही.

रजेच्या फॉर्मवर कारणं चार :
आजार, लग्न, मयत, सण.
'दर शुक्रवार' असा सण नसतो, प्रणिता मॅडम म्हणाल्या,
वाईट वाटूनच म्हणाल्या,
तुझ्या एकटीसाठी रकाना कसा काढू गं.
मागच्या महिन्यात अन्सार मुकादमने माझ्या दोन फाइली घेतल्या.
म्हणाला, माझा शुक्रवार दुपारी उरकतो,
तुझा तेव्हा कुठे सुरू व्हायचा असतो.
आज त्याच्या मुलीला ताप आहे.

खाली लॉबीत उद्देशिका आहे, सोनेरी चौकटीत.
हजेरीच्या यंत्राचा हिरवा ठिपका काचेत पडतो
नेमका 'श्रद्धा' या शब्दावर.
मी बुटकी आहे.
उंच माणसाला तो दुसऱ्याच शब्दावर दिसत असेल.

नवगावला गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या,
पोहून आलेल्यांना एक शेमा आणि एक वार
एवढंच आठवलं.
शनिवारी घाणा बंद.
कुणा राजाने परवाना दिला नाही, कुणी हरकत घेतली नाही.
गावाने नाव ठेवलं फक्त : शनवार तेली.
आबा हे छाती फुगवून सांगायचे.
ते नाव ठेवणं होतं की नावं ठेवणं,
मी कधी विचारलं नाही.

एक तास बारा मिनिटांवर एक म्हातारा उठतो.
खुर्ची करकरते. नाव सांगतो, आडनाव निसटतं : अस्पष्ट.
म्हणतो, माझं खिळ्यामोळ्यांचं दुकान
चाळीस वर्षं शनिवारी बंद असतं.
तुम्ही मला कधी का म्हणून विचारलं नाही,
म्हणून मीही इथे कधी आलो नाही.
पाटी लावाल, लोक वाचतील,
मग माझ्या बंद दाराकडे बघतील,
शाबासकी द्यायला.
मला शाबासकी नको आहे.
वेळ संपल्याची घंटा.

टाच दाबते. पुन्हा ऐकते.
तिसऱ्यांदा ऐकते ते अचूकतेसाठी नाही.

घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापड असायची.
त्याला वार कसा कळत असेल?
मानेवरून जू उतरलं म्हणजे.
दुसरं काय.

फाइल पहाटे तीनला द्यायची आहे,
अजून एकोणपन्नास मिनिटं ऐकायची बाकी.
घरचा दिवा अकरापर्यंत पुरतो,
आई तेल तेवढंच घालते.
घड्याळ बघते
आणि पाय उचलते.
परगणा थांबतो, तोंड उघडं ठेवून, वाक्याच्या मधोमध.
पडद्यावर उभी रेघ लुकलुकत राहते.
दोन रांगा सोडून
प्रणिता मॅडम मान वर करतात.